दातांवरील पारदर्शक साचा व त्याचा जाच

वेडेवाकडे दात सरळ करावयाचे म्हणजे तारा बांधून घ्यावयाच्या, याहून निराळा मार्ग पूर्वी बहुधा कोणास ठाऊक नसे. अलीकडे मात्र आमच्या वर्गांतून पारदर्शक साचे वापरणारी मुलेमुली दिसू लागली आहेत. या साच्यांस अलाइनर म्हणतात. साचा डोळ्यांस दिसत नाही, तेव्हा तो दुखतही नसावा, असा कित्येक पालकांचा ग्रह झालेला असतो. हा ग्रह चुकीचा आहे, व त्याचे फळ मुलांस भोगावे लागते.

कल्पना तशी जुनीच. १९४५ साली अमेरिकेतील केस्लिंग या दंतवैद्याने दात नेमक्या जागी बसविण्यासाठी रबराचे एक साधन पुढे मांडले, आणि अशी साधने एकामागून एक वापरून दात बरेच सरकविता येतील, असेही सुचविले. संगणकाच्या साहाय्याने साच्यांची मालिका तयार करण्याचा व्यवहार अमेरिकेतच १९९७ च्या सुमारास सुरू झाला. एकेक साचा दातास फार तर पाव मिलिमीटरच्या आसपास हलवितो. तो आठवडा दोन आठवडे वापरून पुढचा चढवावयाचा.

आता दुखते का, ते पाहू. दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात बसलेला नसतो. त्याचे मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. साच्याने दात एका अंगास रेटला म्हणजे त्या बाजूचे अस्तर चेपते व तेथे दाह होतो. तेथील हाड हळूहळू विरघळते आणि मागे सुटलेल्या जागी नवे हाड भरते. नवा साचा चढविल्यावर काही तासांनी ठणका लागतो, पहिल्या दुसऱ्या दिवशी तो सर्वांत अधिक असतो, आणि पुढे उतरत जाऊन आठवड्याच्या आत बहुधा नाहीसा होतो.

खरी गोम येथेच आहे. ठणका लागला की मुलगा साचा काढून खिशात ठेवतो, आणि लगेच बरे वाटते! परंतु साचा दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात असावा लागतो. तो काढून ठेवला की दात पूर्वस्थळी परतू लागतो, व मग तोच साचा पुन्हा बसविताना पहिल्याहून अधिक दुखते. दुखते म्हणून काढावयाचा आणि काढला म्हणून दुखावयाचे, असा हा फेरा आहे. यास्तव आमचे स्पष्ट मत असे की, वेदना कमी करावी, पण ती साचा तोंडात ठेवूनच.

त्यास उपाय पुष्कळ आहेत व ते साधे आहेत. नवा साचा सकाळी शाळेस निघताना न चढविता रात्री निजण्यापूर्वी चढवावा, म्हणजे पहिले कठीण तास झोपेत जातात. दंतवैद्य चावण्यासाठी मऊ नळकांडी देतात, ती थोडा वेळ चावल्याने साचा नीट बसतो. थंड पाणी प्यावे. गरम चहा मात्र साचा घालून कदापि पिऊ नये, कारण उष्णतेने साचा वाकतो. पहिले दोन दिवस डब्यात चकली वा कडक भाकरी न देता मऊ खिचडी, दहीभात द्यावा. फारच ठणकल्यास डॉक्टरांस विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. मुलांस ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये. साच्याची कड गालास वा जिभेस घासत असेल तर तेथे दातांचे मेण लावावे आणि कड दंतवैद्याकडून घासून घ्यावी. जखम झाली असल्यास साचा काढून मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी. आठवडा लोटूनही ठणका उतरला नाही किंवा हिरडी सुजली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

आमची तक्रार मोठ्यांविषयी आहे. काही घरांत “एवढे पैसे भरले आहेत, सोस थोडे!” म्हणून मुलास गप्प बसवितात, काही घरांत “राहू दे बाळ आजच्या दिवस” म्हणून साचा काढावयास लावतात. पहिल्या घरातील मूल दुखणे लपवू लागते व दुसऱ्यातील उपचार अर्धवट सोडते. मुलास कोठे दुखते, किती दुखते, हे रोज दोन मिनिटे विचारण्यास पैसे पडत नाहीत.

आम्ही शिक्षकही सर्वस्वी निर्दोष नाही. नव्या साच्याने प्रारंभी स, श, च ही अक्षरे बोबडी उमटतात. अशा वेळी वर्ग हसतो आणि शिक्षक ऐकून न ऐकल्यासारखे करतात. हसणाऱ्यांस तेथेच थांबविले पाहिजे. उलट त्या विद्यार्थ्याने घरी मोठ्याने धडा वाचावा, थोड्याच दिवसांत जीभ वळणावर येते.

मधल्या सुट्टीचा प्रश्न याहून अवघड. डबा खाताना साचा काढावा लागतो, व खाऊन झाल्यावर चूळ भरून तो पुन्हा चढवावा लागतो. नळावर गर्दी, घंटा झालेली, मग साचा कागदात गुंडाळला जातो आणि डब्यातील उष्ट्याबरोबर केराच्या टोपलीत जातो. पालकांनी साच्याची डबी दप्तरात रोज आहे की नाही हे पाहावे. आणि वर्गशिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांस घंटेनंतर पाच मिनिटे नळावर जाण्याची मुभा, कारण न विचारता, द्यावी.