भयचित्रांचा पूर्वकाळ आणि समीक्षेचे सोवळे

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने प्रताप मुळीक यांच्या चित्रकथांवर लघुप्रबंधाचा विषय मांडला. समितीने तो दोन वाक्यांत निकालात काढला : अमर चित्रकथेपुरता अभ्यास चालेल, 'नागराज' वाङ्मयीन नव्हे. त्या निर्णयाची तक्रार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही. त्यामागील धारणेचा प्रतिवाद करणे हा आहे. एकाच चित्रकाराचा पूर्वकाळ संस्कारक्षम म्हणून राखायचा आणि उत्तरकाळ बाजारू म्हणून टाकायचा, ही विभागणी समीक्षेची नव्हे, सोवळ्या-ओवळ्याची आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेसाठी पुण्याच्या मुळीकांनी पौराणिक व ऐतिहासिक कथांचे अंक चितारले. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चन यांना नायक करणारी 'सुप्रीमो' ही मालिका त्यांच्याच हातची. 1986 मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने 'नागराज' आणला आणि 1995 पर्यंत त्या नायकाची ओळख मुळीकांच्या रेषेशी जोडलेली राहिली. ज्योत्स्ना प्रकाशनाचे त्यांचे 'स्केचिंग' हे पुस्तक चित्रकला शिकणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. म्हणजे हात एकच. बदलला तो आपला आदर.

आता पूर्वकाळाकडे वळू. पौराणिक चित्रकथेत भय नायकाच्या बाहेर असते. राक्षसाचे सुळे, विस्फारलेले डोळे, चौकटीत न मावणारा देह एका बाजूला. उघड्या छातीचा, निश्चल मुद्रेचा नायक दुसऱ्या बाजूला. चित्रकाराला दोन्ही देह सारख्याच सामर्थ्याने काढावे लागतात, नाहीतर संघर्ष उभा राहत नाही. भयचित्राची उमेदवारी ती हीच. 'संस्कार' म्हणून मुलांच्या हाती दिलेल्या त्या पानांवरच एक पिढी भ्यायला शिकली, हे मान्य करण्यास आपण कचरतो.

'नागराज'मध्ये हे दोन देह एक होतात. त्याचा देह देवप्रतिमेसारखा रेखीव आहे. परंतु त्वचेवर हिरवे खवले आहेत, रक्तात असंख्य सूक्ष्म सर्प वावरतात, त्याच्या दंशाने शत्रूचा देह वितळतो. प्राध्यापक नागमणीने त्याला घडविले तेच विकण्याजोगे शस्त्र म्हणून. ज्याच्या बाजूने उभे राहायचे त्याच्याच देहाची किळस आणि भीती वाटावी, हा अनुभव पौराणिक अंकांच्या रचनेत बसणारा नव्हता. पण त्यासाठी लागणारे सारे रेखनकौशल्य तेथेच कमावलेले होते. पूर्वकाळ वगळून उत्तरकाळ कळत नाही, आणि उत्तरकाळ वगळला तर पूर्वकाळातले भय दिसतच नाही.

यावर शास्त्राची साक्ष काढणाऱ्यांना शास्त्रच उत्तर देते. भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सातून सांगितली आहे. वीर आणि भयानक एकाच आश्रयात नांदू शकत नाहीत, तेव्हा भयाचा आश्रय प्रतिपक्षात ठेवावा, असा मार्ग आनंदवर्धन दाखवितो. 'नागराज'मध्ये नेमके हेच घडते : उत्साह नायकात, भय शत्रूत. मात्र त्या भयाचे आलंबन नायकाचा स्वतःचा देह आहे, आणि ते जुगुप्सेतून उपजते. रसचर्चेला येथे खरे खाद्य आहे. आपण मात्र भयानक रस नऊच्या यादीत मोजतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

पाचोऱ्याहून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. विद्यार्थ्यांची सहल एकोणिसाव्या लेण्यापाशी पोहोचली की फणांच्या छत्राखाली राणीसह बसलेल्या नागराजासमोर आम्ही प्राध्यापक हटकून थांबतो. पहिल्या लेण्यात चांपेय जातक चितारले आहे : गारुड्याच्या हाती सापडलेला, राजसभेत खेळविला गेलेला नागराजा. तिथेच माराच्या सैन्यातले विक्राळ चेहरेही आहेत. भय, सर्पदेह, दुसऱ्याच्या हातचे साधन झालेला नाग, हे सारे लेण्यात आपल्याला कला वाटते. पाचोरा स्टेशनवर नव्वदच्या सुमारास अहिराणी बोलणारी आम्ही पोरे हिंदी 'नागराज' वाचत होतो, तेव्हा ते मात्र व्यसन ठरले. चांपेय जातकातून 'नागराज' निघाला असा माझा दावा नाही; लेण्याला एक आणि रद्दी कागदाला दुसरा, असे न्याय दोन का, एवढाच माझा प्रश्न आहे.

'नागराज'च्या कथा साचेबंद आहेत, अनेक अंक घाईचे आहेत, हे मला मान्य आहे. पण दुबळ्या संहितेवर सबळ रेषा कशी मात करते, हा समीक्षेचाच प्रश्न नव्हे काय? 'तुंबाड' (2018) या चित्रपटानंतर नारायण धारपांकडे आपण पुन्हा वळलो, ते उचितच झाले. परंतु तो पश्चात्तापही शब्दापुरताच राहिला. चित्रातील भय अजून उंबऱ्याबाहेर तिष्ठत आहे. त्या विद्यार्थ्याने अखेर दुसरा, निरुपद्रवी विषय घेतला आणि त्याला पदवी मिळाली. हानी झाली ती आपल्या विद्याशाखेची.