गोंधळ एकाचा, शिस्त चौघांची

एप्रिल १९९८. न्यूयॉर्कमधल्या 'ब्राउनीज' नावाच्या छोट्याशा क्लबमध्ये 'द फॉल' हा इंग्लंडचा पोस्ट-पंक बँड वाजवत होता. बँडला तेव्हा २२ वर्षं झाली होती. गायक आणि सर्वेसर्वा मार्क ई. स्मिथ मंचावर आपल्याच वादकांचा पाणउतारा करत होता. शेवटी ड्रमर कार्ल बर्न्स आपली जागा सोडून उठला आणि प्रेक्षकांसमोरच दोघांची झटापट झाली. पुढे हॉटेलात जे घडलं, त्यात कीबोर्ड वाजवणाऱ्या ज्युलिया नेगल यांना मारहाण केल्याच्या आरोपावरून स्मिथला अटक झाली. बर्न्स, गिटारवादक टॉमी क्रुक्स आणि बेस गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅन्ली या तिघांनी बँड सोडला. हॅन्ली १९७९ पासून, म्हणजे तब्बल १९ वर्षं, स्मिथच्या मागे उभा राहून वाजवत होता.

त्या रात्रीचं चित्रीकरण उपलब्ध आहे आणि बँडचे चाहते आजही त्यावर भांडतात. एका गटाचं म्हणणं, ही कलेच्या नावाखाली चाललेली गुंडगिरी होती. दुसरा गट म्हणतो, हेच तर खरं 'द फॉल', ज्याला हे झेपत नाही त्याने गुळगुळीत गाणी ऐकावीत.

आता कुणी विचारेल, आंबेडकरी कार्यकर्त्यांना या भांडणाशी काय देणंघेणं? आमचं उत्तर असं की या भांडणात एक युक्तिवाद आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे. मोठ्या माणसाने मांडलेला गोंधळ हीच त्याच्या मोठेपणाची खूण मानायची आणि त्या गोंधळाखाली चिरडले गेले त्यांना 'त्याच्यामुळे तर तुम्हाला ओळख मिळाली' म्हणून गप्प बसवायचं, असा हा युक्तिवाद. तो मँचेस्टरमध्ये जसा चालतो, तसा आपल्या वस्तीतही चालतो.

आधी या बँडबद्दल न्यायाने बोलू. 'द फॉल' १९७६ साली मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचमध्ये सुरू झाला. स्मिथ कष्टकरी घरातला. सॅल्फर्डच्या गोदीत कारकुनी करणारा हा पोरगा संगीत शिकलेला नव्हता. पंकच्या लाटेने तेव्हा एक दार उघडलं होतं. घराणं नको, गुरू नको, गळा गोड असण्याची अट नको. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, त्याने मंचावर जावं. पोस्ट-पंकवाले त्याच्याही पुढे गेले, गाणं कसं असावं याचे ठरलेले साचे त्यांनी मोडले. ज्या समाजाला 'शुद्ध' संगीताच्या दारात कधी उभं केलं गेलं नाही, त्या समाजातल्या आम्हाला या बंडाबद्दल आपुलकी वाटते. सूर, शिस्त, सभ्यता हे शब्द कष्टकऱ्यांना गप्प करण्यासाठी किती वापरले जातात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मंचावर गोंधळ झाला की नाक मुरडणाऱ्या पांढरपेशांच्या रांगेत आम्ही उभे नाही.

स्मिथची चिकाटीही नाकारता येणार नाही. चाळीस वर्षांत तीसच्या आसपास स्टुडिओ अल्बम. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांचा हा सर्वांत आवडता बँड, त्यांच्या कार्यक्रमासाठी बँडने २४ वेळा ध्वनिमुद्रण केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्लासगोला स्मिथ व्हीलचेअरवर बसून गायला. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम ठरला, जानेवारी २०१८ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला. आजारी देहाने लोकांसमोर येणाऱ्या माणसाची टिंगल आम्ही करणार नाही.

पण याच चाळीस वर्षांत बँडमधून साठाहून जास्त वादक आले आणि गेले. कुणी कंटाळून गेला, कुणाला काढलं. १९८३ मध्ये मार्क रायलीला काढलं. सोळा वर्षं गिटार वाजवलेल्या क्रेग स्कॅनलनला १९९५ मध्ये काढलं. २००६ च्या अमेरिका दौऱ्यात तीन वादक एकाच वेळी सोडून गेले, तर लगेच अमेरिकन वादक उभे करून दौरा पुढे चालू ठेवला. मंचावर वादकाच्या अँपचा आवाज मधूनच कमी-जास्त करायचा, कुणाच्या कीबोर्डवर हात मारायचा, गाणं चालू असताना आत निघून जायचं, हे तर नेहमीचंच. एखाद्याची आजी जरी बोंगो वाजवायला बसली आणि सोबत मी असलो, तरी तो 'द फॉल'च, अशा अर्थाचं स्मिथचं एक वाक्य चाहते मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्हाला त्यात मालकाचा आवाज ऐकू येतो. कारखाना माझा, कामगार कुणीही चालेल.

या वागण्याच्या समर्थनार्थ चाहते जे तीन मुद्दे मांडतात, ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा, तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं की तो काय बघायला चालला आहे. मान्य. प्रेक्षकाचा पैसा गेला, तो प्रेक्षकाचा प्रश्न. पण मंचावरच्या वादकाने तिकीट काढलेलं नसतं, तो कामावर आलेला असतो. कामाच्या जागी हजार लोकांसमोर त्याचं हत्यार त्याच्या हातातून काढून घेतलं जातं, तेव्हा प्रश्न करमणुकीचा उरत नाही. तो श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा होतो. चाहत्यांच्या वादात 'मला मजा आली' आणि 'मला मजा आली नाही' एवढ्या दोनच बाजू असतात. वादकाची बाजू तिसरी आहे आणि ती बहुतेकांना आठवतच नाही.

दुसरा मुद्दा, वादकांवर जबरदस्ती नव्हती, ते स्वखुशीने राहिले. हे वाक्य ऐकून आंबेडकरी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. बलुतेदारीचं समर्थन करणारेही हेच म्हणायचे, की गावगाडा सगळ्यांच्या राजीखुशीने चालत होता. दोन्हीकडचं दुःख एकाच मापाचं आहे, असा आमचा दावा नाही, एका बँडची तुलना जातिव्यवस्थेशी करणं हा पोरकटपणा होईल. आम्ही फक्त युक्तिवादाची बांधणी दाखवतो आहोत. माणूस राहिला, यावरून त्याला वागणूक चांगली होती, असं सिद्ध होत नाही. हातचं काम, मित्रांची सोबत, आपण घडवलेल्या गोष्टीवरचा जीव, अशा अनेक कारणांनी माणूस अपमान गिळून राहतो. पत्रकार डेव्ह सिम्पसन यांनी या बँडच्या माजी वादकांना शोधत फिरून २००८ साली त्यांच्यावर एक पुस्तक लिहिलं. हॅन्लीने २०१४ मध्ये स्वतःची आठवणींची वही पुस्तकरूपाने समोर ठेवली. राग आणि अभिमान एकाच माणसाच्या मनात कसे शेजारी नांदतात, हे तिथे कळतं.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. गोंधळ नसता तर हे संगीत जन्मलंच नसतं, असं चाहते म्हणतात. इथे गाण्याकडेच कान द्यावा लागेल. १९८२ चा त्यांचा 'हेक्स एन्डक्शन अवर' हा अल्बम ऐका. कार्ल बर्न्स आणि स्टीव्हचा भाऊ पॉल हॅन्ली असे दोन ड्रमर, खाली बेसची तीच ती जाड ओळ, मिनिटामागून मिनिटं न ढळणारी. त्या पायावर उभा राहून स्मिथ हवा तसा बरळतो, शब्द मोडतो, ताल सोडून भटकून येतो. तो भटकू शकतो, कारण बाकीचे जागचे हलत नाहीत. बेस एक मात्रा चुकला, तर ज्याला आपण प्रतिभावंताची मुक्ती म्हणतो ती साधी गडबड ठरेल. म्हणजे गोंधळ एकाचा होता आणि शिस्त चौघांची. गोंधळाला टाळ्या मिळाल्या, शिस्तीला नाव मिळालं नाही.

याचा पुरावाही पुढे मिळाला. बँडची माजी गिटारवादक ब्रिक्स स्मिथ, हॅन्ली बंधू आणि इतरांनी मिळून 'ब्रिक्स अँड द एक्स्ट्रिकेटेड' नावाचा बँड काढला आणि जुनी गाणी मार्क स्मिथशिवाय वाजवली. लोक ऐकायला आले. ती गाणी त्यांचीही होती. आजी आणि बोंगो यांनी ती झाली नव्हती.

आमचा निकष त्यामुळे सोपा आहे. गोंधळ चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. गोंधळ कुणाच्या विरोधात घातला, ते विचारा. वरच्याने लादलेला नियम मोडणारा गोंधळ बंड असतो. आपल्या शेजारी घाम गाळणाऱ्याच्या हातातलं वाद्य बंद पाडणारा गोंधळ ही निव्वळ सत्ता असते, मग ती कष्टकऱ्याच्या पोराने गाजवलेली का असेना. 'द फॉल'ने रेकॉर्ड कंपन्यांना आणि गुळगुळीत रुचीला लाथ मारली, तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने. मंचावर आपल्याच माणसांना लाथाडलं, तिथे आमची बाजू बदलते.

आणखी एक गोष्ट. गोंधळ घालण्याची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही. गोरा, नावाजलेला गायक दारू पिऊन मंचावर आला की समीक्षक त्यात प्रतिभेचं वादळ बघतात. आपला एखादा शाहीर अर्धा तास उशिरा आला, तर त्याची जात आणि त्याची बाटली एका दमात निघते. 'लहरी कलावंत' ही पदवीसुद्धा वरच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही.

मग आवडत्या कलावंतावर प्रेम करूच नये काय? जरूर करावं. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. मोठ्या माणसाचं मनापासून कौतुक करणं एक आणि आपली बुद्धी गहाण टाकून त्याच्या मागे जाणं दुसरं. पहिल्यात धोका नाही, दुसऱ्यात आहे. गाणी डोक्यावर घ्यावीत, न्यायबुद्धी मात्र स्वतःकडे ठेवावी.

२५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं बाबासाहेबांचं भाषण आपण सगळे उद्धृत करतो. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हा त्यातला इशारा आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्याआधी त्यांनी काय केलं, ते आपण क्वचित सांगतो. मला दिलं जाणारं श्रेय माझं एकट्याचं नाही, असं सांगून त्यांनी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचं नाव घेतलं. मसुदा समितीतल्या सहकाऱ्यांना श्रेय दिलं. त्याहून मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही आठवण ठेवली. देशातल्या सर्वांत मोठ्या मंचावर, सगळ्यांच्या नजरा एका माणसावर असताना, त्या माणसाने मागे वळून साथीदारांकडे बोट दाखवलं. भक्तीविरुद्धचा इशारा आणि साथीदारांची नावं एकाच भाषणात येतात. आमच्या मते हा योगायोग नाही. जिथे साथीदारांची नावं घेतली जातात, तिथे भक्तीला जागा कमी उरते.

आता आरसा आपल्याकडे फिरवू. आपल्या जलशांच्या आणि भीमगीतांच्या जाहिरातींवर काय लिहिलेलं असतं? गायकाचं नाव ठळक आणि पुढे 'आणि पार्टी' किंवा 'आणि संच'. त्या दोन शब्दांत ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, झीलकरी, कोरसमधल्या बाया, गाडी चालवून पहाटे घरी सोडणारा पोरगा, सगळे मावतात. जयंतीच्या कार्यक्रमात गायकाचा सत्कार शाल घालून होतो. ढोलकीवाल्याला मानधन किती, ते वेळेवर मिळालं का, तो जेवला का, हे किती आयोजक विचारतात? आणि संघटनांचं काय? नेता बैठकीत कार्यकर्त्याचा पाणउतारा करतो, तेव्हा 'साहेब आहेतच तसे, पण चळवळीसाठी किती केलंय' असं म्हणणारे आपणच ना? 'मी आहे तिथे पक्ष' हे वाक्य आपल्या किती गटांनी जगून दाखवलं आहे? रिपब्लिकन पक्षाची शकलं मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत, आणि प्रत्येक शकलात कुणीतरी हॅन्ली एकोणीस वर्षं सतरंज्या उचलून निमूट घरी गेलेला आहे.

म्हणून आमचं तरुणांना सांगणं आहे. पुढच्या १४ एप्रिलला पत्रक छापाल, तेव्हा 'आणि पार्टी' खोडा आणि सगळ्यांची नावं लिहा. मानधनाचं पाकीट आधी वादकाच्या हातात द्या. मंचावर कुणी साथीदाराचा अपमान केला, तर गायक कितीही मोठा असो, आयोजकाने तिथल्या तिथे बोलावं. आणि कुणी सांगू लागला की मोठी माणसं अशीच असतात, तर त्याला विचारा, त्यांच्या मागे कोण वाजवत होतं त्यांची नावं सांग. नावं सांगता आली तर पुढे चर्चा करू. नाही आली, तर तो चाहता राहिलेला नाही, भक्त झालेला आहे.

जय भीम!