फिशफाइंडर कुठला घेऊ?

कोकणातल्या हॉस्टेलवाल्याला हा प्रश्न हमखास येतो. गावात नवी नौका बांधली की सल्ला ‘इंजिनिअर’लाच विचारतात! माझं मत सरळ आहे: मोठ्या स्क्रीनला भुलू नका. पंधरा-वीस वाव पाण्यात (वाव म्हणजे सहा फूट) जाळं ओढायचं तर २०० किलोहर्ट्झ पुरे. ५० किलोहर्ट्झ खोल जातो, पण चित्र ढोबळ. ट्रान्सड्यूसर पंख्याच्या बुडबुड्यांपासून लांब बसवा, नाहीतर महागडं यंत्रही नुसता कचरा दाखवतं. वाचलेल्या पैशांत डीएससी बटणाचा व्हीएचएफ घ्या आणि तो जीपीएसला जोडाच. नुसता जीपीएस नौका कुठे आहे ते तांडेलालाच सांगतो. संकटात ते किनाऱ्याला आणि शेजारच्या नौकांना कळायला हवं.