मातेची साखर आणि बालकाचे कान

भिलाई हे पोलादाचे नगर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या नाना प्रांतांतून आलेल्या कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. गोंगाटाने कान कसे निकामी होतात हे अशा नगराला सांगावयास नको. १९४८ च्या कारखाना कायद्यातील रोगांच्या यादीत हा बहिरेपणा पुढे समाविष्टही झाला. मात्र त्याच कामगाराच्या घरी जन्मलेल्या बालकाला ऐकू येते की नाही, हा प्रश्न पुष्कळदा मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही असे दिसेपर्यंत कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचा एक धागा मातेच्या मधुमेहाशी जाऊन भिडतो. मातेच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे जाते, तिचे इन्शुलिन मात्र जात नाही. मग गर्भाचे स्वादुपिंडच जादा इन्शुलिन निर्माण करू लागते. मूल वजनाने भरते. परंतु जन्मल्यावर त्याची साखर एकाएकी उतरू शकते, कावीळ वाढू शकते, आणि तीव्र कावीळ श्रवणाच्या मज्जातंतूला इजा करते. शिवाय अंतर्कर्णाची घडण गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच सुरू होते. गर्भधारणेपूर्वीच जडलेला पण न ओळखलेला मधुमेह नेमका याच काळात घात करू शकतो.

म्हणूनच पहिल्या तपासणीला महत्त्व आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारिलेली रीत सोपी आहे: पोटात अन्न असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे व २ तासांनी रक्त पाहावे, साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरल्यास उपचार सुरू करावेत. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे ही चाचणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. दुसरीवरच विसंबणे म्हणजे कानाची बहुतेक घडण उरकल्यावर चौकशी करणे होय.

मधुमेही मातांची बालके श्रवणचाचणीत अधिक प्रमाणात अडतात, असे काही पाहण्यांत दिसून आले आहे. तथापि अमेरिकेतील तज्ज्ञसमितीने २०१९ साली दिलेल्या जोखमींच्या यादीत मातेचा मधुमेह स्वतंत्रपणे आलेला नाही. (मधुमेह व बहिरेपणा एकत्र आणणारा, आईकडून उतरणारा जनुकदोष १९९२ मध्ये ओळखला गेला, तो बहुधा प्रौढपणी प्रकटतो, त्याची येथे गल्लत करू नये.) पुरावा अपुरा म्हणून थांबावे, हा युक्तिवाद मात्र पटणारा नाही. चाचणी वेदनारहित आहे. उशिराची भरपाई मात्र मुलाच्या भाषेतून होते. जन्मजात बहिरेपणा २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमातही अंतर्भूत आहे. तेव्हा सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय असो वा गावचे आरोग्यकेंद्र, मातेच्या पत्रिकेवरील साखरेची नोंद बालकाच्या पत्रिकेवर उतरवून घेण्याचा दंडक हवा. दोन पत्रिका दोन कपाटांत पडून राहिल्या की कानाची आठवण कोणाला राहणार?

कानात लहानशी बोंडी बसवून अंतर्कर्णाचा प्रतिध्वनी टिपण्याची चाचणी झोपलेल्या बालकावरही होते. तीव्र कावीळ झालेल्या बालकाला मात्र तेवढी पुरत नाही. मज्जातंतूचा दोष तीतून निसटतो, म्हणून मेंदूकडे जाणारे संदेश मोजणारी 'बेरा' चाचणी करावी लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव वा मळ साचल्यानेही मूल अडते. अशा वेळी मातेला न घाबरविता चाचणी पुन्हा करावी, आणि तिसरा महिना संपण्यापूर्वी निदान पक्के करावे.