मॅन्सरची गोष्ट कुठून सांगायची?

लेस्ली मॅन्सरचा जन्म दिल्लीतला. वडील इथल्या टपाल-तार खात्यात इंजिनिअर होते. 30 मे 1942 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक म्हणून तो जर्मनीतल्या कोलोनवर बॉम्ब टाकायला निघाला, तेव्हा त्याला विसावे वर्ष पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्याचे मँचेस्टर जातीचे विमान भार घेऊन सात हजार फुटांच्या वर चढेना. तोफांचा मारा बसला, शेपटाकडचा तोफची जखमी झाला, परतताना डावे इंजिन पेटले. मॅन्सरने सोबत्यांना उड्या मारायला सांगितले, स्वतःसाठी पुढे केलेले पॅराशूट नाकारले आणि ते बाहेर पडेपर्यंत विमान सावरून धरले. बेल्जियममधल्या ब्रीजवळ तो विमानासह कोसळला. सहा सोबत्यांपैकी पाच जण स्थानिक लोकांच्या मदतीने इंग्लंडला परतले. त्यांच्या साक्षीवरून त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

यात खोटे काहीच नाही. पण ही गोष्ट नेहमी बॉम्ब टाकून झाल्यावर सुरू होते, आणि माझा आक्षेप तिथे आहे. त्या रात्री हजाराहून अधिक विमाने एकाच शहरावर धाडली गेली. आकडा गाठायचा म्हणून प्रशिक्षण तुकड्यांतली शिकाऊ पोरेही घेतली. कोलोनमध्ये साडेचारशेहून अधिक माणसे मेली, हजारो कुटुंबे बेघर झाली. हा अपघात नव्हता. शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य मोडायचे, हे धोरण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लेखी आदेशाने ठरले होते. तो आदेश विशीतल्या वैमानिकांनी काढलेला नव्हता. त्याची किंमत मात्र खाली कोलोनकरांनी मोजली आणि वर या पोरांनी: बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, सुमारे सव्वा लाख विमानकर्मींपैकी 55,573 संपूर्ण युद्धात मारले गेले.

कुणी म्हणेल, हे सगळे स्वखुशीने भरती झाले होते, मग निर्दोष कसे? निर्दोष म्हणायचे कारणच नाही. लंडन आणि कॉव्हेन्ट्री जळताना पाहिलेली ही पिढी होती, हिटलरला हरवणे आवश्यकच होते. तरी भरती होणे वेगळे आणि कोणते शहर जाळायचे हे ठरवणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: एका देखण्या शौर्यकथेआड तळघरात गुदमरलेली बिननावाची माणसे झाकली जातात. झाकली जातात, हे खरे. पण त्यावर उपाय मॅन्सरला विसरणे हा नाही. कोलोनच्या मृतांना त्याच्याच गोष्टीत जागा द्यावी लागेल, आणि ती दिल्याने त्याचे धैर्य तसूभरही कमी होत नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये 2012 साली बॉम्बर कमांडचे स्मारक उभे राहिले. त्यावर सर्व देशांतल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्यांचाही उल्लेख आहे. शाळेच्या पुस्तकांनी, चित्रपटांनी आणि आपल्याकडच्या युद्धकथा लिहिणाऱ्यांनीही यापुढे निदान तेवढे तरी करावे.