शरदातली नवी शिकार

भरतपूरच्या घनात एक शिलालेख आहे. १९३८ साली व्हाइसरॉय लिन्‌लिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले, असे त्यावर कोरले आहे. आमचे अधिकारी-बांधव तो वाचून हळहळतात आणि लगेच कॅमेरा सरसावून चित्रबलाकांच्या घरट्यांकडे वळतात. शरदाच्या कडक उन्हात पिलांवर पंख पसरून उभा असलेला पक्षी माणूस जवळ आल्याने उडाला, की ती उघडी पिले उन्हाच्या आणि कावळ्यांच्या स्वाधीन होतात. छायाचित्र मात्र सुरेख येते! हुद्द्याच्या जोरावर रखवालदारास गप्प बसवून पाण्यात उतरणे, यास छंद म्हणावयास आम्ही तयार नाही. तेथील रिक्षावाले रस्ता न सोडता पक्षी दाखवितात. लांब पल्ल्याचे भिंग नसेल तर चित्रात पक्षी लहान दिसेल, दिसू द्यावा.