ठिपके चौकोनात शिस्तीत, तळ्यात का नाही?

एखाद्या तळ्याची सरासरी खोली काढायची आहे. जागोजागी दोर सोडायचा आणि मापांची सरासरी घ्यायची. जागा निव्वळ नशिबावर निवडल्या, तर १०० पट मापं घेऊनही चूक साधारण १० पटच घटते. कुठे ठिपक्यांची गर्दी होते, कुठे कोपरा रिकामा राहतो.

ठिपके समान पसरवणारी मालिका सोबोल यांनी १९६७ मध्ये दिली. २०२१ मध्ये ती सायपायच्या १.७ आवृत्तीत आली आणि पायथन येणाऱ्या कुणालाही एका ओळीत मिळू लागली. इथेच मला धोका दिसतो. हे ठिपके चौकोनासाठी असतात, तळं मात्र वाकडंतिकडं. बाहेरचे ठिपके फेकून दिले की काठावर शिस्त मोडते आणि बराचसा फायदा हातचा जातो.

किंजल बसू आणि आर्ट ओवेन यांनी २०१५ मध्ये त्रिकोणासाठी सोपी वाट दाखवली. त्रिकोणाचे चार सारखे त्रिकोण करा, प्रत्येकाचे पुन्हा चार, आणि ठिपके सगळ्यांत समान वाटा. २०१७ मध्ये त्यांनी या वाटपात यादृच्छिक अदलाबदल आणली. खोली हळूहळू बदलत असेल, तर १०० पट ठिपक्यांना चूकही जवळपास १०० पट घटते. तळ्याचेही असे त्रिकोण पाडता येतात.

मग अदलाबदल कशाला? तीच मोजणी नव्या अदलाबदलीने पाच-दहा वेळा केली, की उत्तरांतल्या फरकावरून चुकीचा अंदाज येतो. तो सोबत नसेल, तर आकडा कितीही देखणा असो, मी तरी त्यावर विसंबणार नाही.